काळी चारची बाई आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गन आहे. आपली कहाणी सांगताना सगळे आधी आपले गुण सांगतात. मी माझा दोषच आधी सांगून मोकळा होतो. मी जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की माझ्या पोटात दुखतं, आणि ऑर्गनाचं पोट म्हणजे अख्खा ऑर्गनच की हो!

सध्या माझा मुक्काम श्रीरामपूरच्या नव्या नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात आहे. पाठीला गुळगुळीत भिंत, समोर काचेचे उंच दरवाजे. लोक आत येतात, वर छताकडे बघत 'बापरे' म्हणतात, जिन्यावर उभे राहून फोटो काढतात आणि मला वळसा घालून निघून जातात. कधी एखादी बाई माझ्यावर पर्स ठेवते आणि केस नीट करते. तेवढाच काय तो माझा उपयोग.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. अंग अस्सल सागवानी, आणि आतले पितळी सूर, म्हणजे वाऱ्याने वाजणाऱ्या पितळी जिभा, थेट जर्मनीहून बोटीने आलेल्या. हार्मोनियम हाताने वारा भरते, मला दोन्ही पाय लागतात. पायडल मारलं की भाता फुगतो, वारा सुरांतून धावतो आणि मी गाऊ लागतो. माझी पहिली नोकरी श्रीरामपूरजवळच्या एका चर्चमध्ये होती. दर रविवारी लहान-थोर माझ्या सुरात गीतं म्हणायचे. मग तिथे माझ्याहून मोठा, दुहेरी पट्ट्यांचा ऑर्गन आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. आयुष्यात पहिल्यांदा माझा तिळपापड झाला तो तेव्हा. त्यानंतर मला सवयच लागली.

पुढे शारदा नाट्य समाजाने मला आणलं. या मंडळींचं सभागृह म्हणजे स्टेशनालगतचं एके काळचं कापसाचं गोदाम. वर पत्रे, बसायला लाकडी खुर्च्या, आणि मालगाडी आली की नटांनी संवाद गिळून गप्प उभं राहायचं. पण संगीत नाटक लागलं की गोदाम गच्च भरायचं. मी रंगमंचाच्या खाली, अगदी पुढे असायचो. माझी उंच पाठ नटांकडे, आणि माझ्या पट्ट्या वाजवणाऱ्याच्या पुढ्यात. त्यामुळे वर उभं राहून गाणाऱ्याला वाजवणाऱ्याचा फक्त चेहरा दिसायचा. त्याची बोटं माझ्याआड लपायची. हे ध्यानात ठेवा, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मला वाजवायचा रामहरी. धंद्याने शिंपी. दिवसभर शिलाई मशीनचं पायडल मारायचा आणि संध्याकाळी माझं. माझ्या भात्याला चीर पडली तर कुणाच्या तरी जुन्या बॅगेचा तुकडा कापून असं ठिगळ लावायचा की मलासुद्धा शोधून सापडायचं नाही. आणि गायची मुक्ताबाई. तिची पिठाची गिरणी होती. तालमीला यायची तेव्हा भुवयांवर पीठ असायचं, आणि ते पुसायच्या आत तिचा सूर लागलेला असायचा.

काय तो आवाज, मित्रांनो! नाटक सुरू होण्याआधी देवाची स्तुती म्हणतात तिला नांदी म्हणतात. मुक्ताबाई नांदीच्या शेवटी वरच्या सा वर जाऊन उभी राहायची. एकदा नेमकी तेव्हाच मालगाडी आली. बाईने सूर सोडला नाही. डबे मोजत असल्यासारखी ती उभी राहिली, आणि शेवटचा डबा गेल्यावर तोच सूर तसाच्या तसा कानावर आला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते. त्यांना ती एकटी गात होती असं वाटलं. तिच्या खाली मी होतो, हे कुणाच्या गावी नव्हतं. पण तिला ठाऊक होतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

तिची पट्टी काळी चार. म्हणजे माझ्या काळ्या पट्ट्यांतली चौथी पट्टी हा तिचा सा. बाईच्या गळ्याला ही उंच पट्टी. तिला त्याचा केवढा अभिमान! गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायकांनासुद्धा ती सांगायची, "साठी आली तरी काळी चार, बरं का. एक पट्टी खाली न्हाई आले." पुढे पेपरात तिचा फोटो आला, त्याखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'काळी चारच्या मुक्ताबाई'. ते कात्रण तिने गिरणीत काच लावून टांगलं.

आता गुपित सांगतो. बारा वर्षांपूर्वी एका तालमीत वरच्या सा वर तिचा आवाज फाटला. पुन्हा गायली, पुन्हा फाटला. ती विंगेत गेली आणि पदराने तोंड दाबून रडली. रामहरीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने माझी पांढरी पाच दाबली, काळी चारच्या एक घर खालची. बाईने वरून विचारलं, "काळी चारच ना, रामहरीभाऊ?" रामहरी म्हणाला, "व्हय बाई, काळी चार." तिचा सूर सुरेख लागला. "गळा परत आला की वो!" म्हणत ती लहान पोरीसारखी हसली. आणखी पाच वर्षांनी पुन्हा तसंच झालं. रामहरी आणखी एक घर उतरला, काळी तीनवर. माझी उंच पाठ मध्ये होती, तिला काही कळलं नाही. आणि खरं सांगू? मला भारी सुख वाटायचं. सगळ्या गावात हे ठाऊक असलेले दोघेच, एक रामहरी आणि एक मी.

मग समोरच्या मोकळ्या जागेवर हे नाट्यगृह उभं राहू लागलं. गोदामाच्या खिडकीतून मी सहा वर्षं त्याच्याकडे डोळे वटारून बघत होतो. काम थांबलं की मला बरं वाटायचं, सुरू झालं की जीव खाली-वर व्हायचा. शेवटी ते झालंच. आठशे मऊ खुर्च्या, आपोआप सरकणारा पडदा. भिंती अशा बनवल्या होत्या म्हणे की रंगमंचावर कुणी उसासा टाकला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जावा. मनात म्हटलं, हो का? उसासे ऐकायला कोण येणार आहे इथे?

पण लोक आले. उद्घाटनाआधी चार महिने चाचणी म्हणून ते उघडं ठेवलं होतं, तेवढ्यात गर्दी झाली. सोनईच्या शाळेच्या मुली एसटीने नाटक बसवायला यायच्या. नाताळच्या आधी साऱ्या चर्चची गायकमंडळी एकत्र गायली. ज्यांच्या आजोबांनी माझ्या सुरात गीतं म्हटली ती ही पोरं माझ्या पुढून गेली, एकानेही वळून पाहिलं नाही. ज्या बाया गोदामात कधी फिरकल्या नाहीत त्या इथे कीर्तनालाही आल्या आणि बालनाट्यालाही. गावाला बसायला, भेटायला एक जागा झाली, हे मला दिसत होतं. ते मला मुळीच आवडत नव्हतं.

आमचं गोदाम त्याआधीच धोकादायक म्हणून बंद झालं होतं आणि मला इथे आणलं होतं. तेव्हा नाट्यगृहाचा व्यवस्थापक ओंकार मोठ्या प्रेमाने म्हणाला, "हा आपला वारसा आहे. दर्शनी भागातच शोभेल." माझी पाठ भिंतीला लावली आणि पट्ट्या लोकांकडे केल्या, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून. वारसा म्हटलं की समजावं, आता आपल्याला कुणी वाजवणार नाही.

उद्घाटनाच्या नांदीला मात्र मुक्ताबाईच हवी होती. यावर कुणाचं दुमत नव्हतं. साथीला ज्योती, संगीताची तरुण शिक्षिका, आणि तिचा चपटा, विजेवर चालणारा कीबोर्ड. ना भाता, ना पायडल. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'इस्त्रीची फळी' ठेवलं. रामहरीचे गुडघे गेलेले, त्याला कुणी वाजवायला सांगितलंच नाही. आदल्या दिवशीच्या तालमीला तो आला, पण आत गेला नाही. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. ओंकारने विचारलं, "काका, आत एसी आहे, बसा ना." "हितंच बराय," रामहरी म्हणाला. आम्ही दोघे बाहेर, एकाच दुखण्याचे.

आतलं सगळं ऐकू येत होतं. ज्योतीने विचारलं, "मावशी, पट्टी कोणती देऊ?"

"काळी चार. दुसरी कुठली?" मुक्ताबाई रुबाबात म्हणाली.

ज्योतीने इमानदारीने खरी काळी चार दिली. रामहरीची मान झटकन वर झाली. बाई गायला लागली. खालचे सूर कसेबसे ओढले. वरचा सा आला आणि आवाज टरकन फाटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा ती वर गेलीच नाही. मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. घ्या म्हटलं, आणा अजून इस्त्रीची फळी!

मुक्ताबाई बाहेर आली आणि बाकावर मटकन बसली. ज्योती आणि ओंकार मागोमाग आले.

"माजा गळा गेला, रामहरीभाऊ," ती म्हणाली. "गोदामात शेवटचं गायले तवा लागत हुता. हितं न्हाई लागत. ह्या इमारतीतच काईतरी हाय. लई गार, लई मोकळी. पोरी, उद्याला दुसरी कुणी बघ. मी न्हाई गायची. उद्या बी न्हाई अन् परत कवाच न्हाई."

ज्योतीचा चेहरा पडला. मग बाईने माझ्याकडे पाहिलं, कितीतरी महिन्यांनी. "आपल्या ऑर्गनावर गळा लागतो माजा," ती म्हणाली. "ह्योच खरा."

ते ऐकून मी विरघळलो. ओंकार लगेच म्हणाला, "मावशी, असं असेल तर उद्या ऑर्गनच आत नेऊ. चार माणसं लावतो. पाठ तुमच्याकडे, जुन्या पद्धतीने. काका, वाजवाल ना?"

तुम्हीच सांगा, मला आणखी काय हवं होतं? सगळा गाव समोर, कीबोर्ड अडगळीत आणि मी रंगमंचापुढे. आणि उद्यापासून सगळे म्हणणार, नव्या नाट्यगृहात काही दम नाही, जुना ऑर्गन होता म्हणून नांदी झाली. रामहरीने फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. गेली बारा वर्षं तो तेच तर म्हणत होता. म्हण रे बाबा, मी आतल्या आत ओरडत होतो.

"गुडघं दुखत्यात," रामहरी म्हणाला, "पन बाईंसाठी वाजवीन."

"हितंच एकदा सूर द्या," मुक्ताबाई उठली. "मला बघू द्या, गळा हाय का गेला."

रामहरीने झाकण उघडलं. गुडघ्यावर हात दाबत पायडल मारलं. भात्यातून धूळ उडाली, मी दोनदा खोकलो आणि मग मला सूर सापडला. बाई माझ्या शेजारी उभी राहिली, डोळे मिटले आणि गायली. वरचा सा असा लागला की जिन्यावरचे गवंडी काम थांबवून वाकून बघू लागले. ज्योतीचा हात तोंडावर गेला. आणि तो सूर धरूनच मुक्ताबाईने हसत डोळे उघडले.

इथे मध्ये माझी पाठ नव्हती, मित्रांनो. पट्ट्या उघड्या होत्या आणि त्यांवर रामहरीचं बोट होतं. चाळीस वर्षं गाणाऱ्या बाईला काळी तीन आणि काळी चार ओळखू येणार नाही का? तिचा सूर मध्येच तुटला.

"ह्ये काय, रामहरीभाऊ?"

रामहरीने बोट उचललं नाही. उचलायचं त्याला सुचलंच नाही.

"किती दिस झालं?"

"बारा वर्सं, बाई. आदी पांढरी पाच. मंग ही."

"बारा वर्सं!" तिचा आवाज चढला. "मी गिरनीवर येनाऱ्या-जानाऱ्याला सांगत बसले, काळी चार, काळी चार. पेपरात छापून आलं. अन् तुमी खाली बसून बघत हुता? हसत हुता व्हय मला?"

"हसू कसं यील, बाई? त्या दिशी विंगेत तुमाला रडताना बघितलं. मला वाटलं, सांगितलं तर तुमी गानं सोडताल."

"ते मी ठरवायचं हुतं! माजा गळा हाय त्यो. उतरला तर मला पैलं कळाया पायजे, का तुमाला?" तिने पदर खोचला. "आंधळ्याला हात धरून न्यावं तसं नेलंत मला. अन् मी म्हनत हुते, काय झक्कास चालते मी!"

ती तरातरा निघून गेली. काचेचा दरवाजा बराच वेळ मागे-पुढे हलत राहिला. मला आत न्यायची चार माणसं नंतर कुणी बोलावलीच नाहीत. रामहरी झाकण न लावताच घरी गेला.

त्या एका दिवसात मी नेहमीसारखा इतरांवर जळलो नाही, स्वतःवरच चिडलो. बारा वर्षं मी ज्याला आमचं प्रेमाचं गुपित म्हणत होतो, त्यात तिला आम्ही घेतलंच नव्हतं. आणि आता ती येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ओंकारने कार्यक्रमपत्रिकेवरचं तिचं नाव खोडलं नव्हतं, पण ज्योतीने दुसऱ्या एका मुलीकडून नांदी पाठ करून घेतली होती.

उद्घाटनाच्या संध्याकाळी आठशे खुर्च्या भरल्या आणि लोक कडेलाही उभे राहिले. रामहरी इस्त्रीचा सदरा घालून आला आणि पुन्हा माझ्यासमोर स्टुलावर बसला. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. मग मुक्ताबाई आली, हिरवं लुगडं नेसून. भुवया स्वच्छ पुसलेल्या. तिने ना रामहरीकडे पाहिलं, ना माझ्याकडे. सरळ आत गेली.

तिसरी घंटा झाली. नारळ फुटल्याचा आवाज आला. आत शांतता पसरली आणि त्यात मुक्ताबाईचं साधं बोलणं ऐकू आलं.

"मंडळी, मला तुमी काळी चारची बाई म्हनता. आता मी काळी चारची ऱ्हायले न्हाई. मलाच काल कळलं. आज काळी तीनमंदी गाते. हाय तेवढा आवाज हाय, पन खरा हाय. ज्योती, दे गं काळी तीन."

कुणी हसलं नाही. ज्योतीने सूर दिला आणि बाई गायला लागली.

आता जे सांगतो ते सांगताना मला फार त्रास होतो. तिचा आवाज मी चाळीस वर्षं ऐकला, असं मी समजत होतो. पण पत्र्यांचा घणघणाट असायचा, गाड्यांचा खडखडाट असायचा, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझाच असायचा. वरचा सा संपताना ती तो किती हळू, किती मऊ खाली ठेवते, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. त्या भिंतींनी तो सूर जराही सांडू दिला नाही. बंद दरवाज्यातून तो माझ्यापर्यंत आला. रामहरीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याचे दुखरे पाय जमिनीवर आपोआप पायडल मारत होते. मला त्या इमारतीचा इतका हेवा वाटला की आतले पितळी सूर गरम झाले असावेत. मी बाईचा आवाज उचलून धरत होतो. या इमारतीने तो नुसता नीट ऐकला.

कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या गराड्यातून वाट काढत मुक्ताबाई रामहरीपुढे येऊन उभी राहिली. तो गडबडीने उठू लागला.

"बसा," ती म्हणाली. अजून रागातच होती. "उद्यापासून तालमीला आत येऊन बसायचं, हितं दारात न्हाई. अन् पुढं माजा गळा आजून उतरला, तर मला सांगायचं. तोंडावर. चोरून हात धरायचा न्हाई."

"सांगीन, बाई," रामहरी म्हणाला.

"मंग चला आता, घरी सोडा मला. लई दमले."

दोघे गेले. माझ्याकडे बघायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि हो, त्याचंही मला वाईट वाटलं. जळकेपणा एका दिवसात जात नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. माझा भाता शिवून घ्या, मला वाळवी लागू देऊ नका आणि अधूनमधून वाजवा. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्या घरात कुणी असेल, ज्याचे गुडघे, डोळे किंवा गळा आता पूर्वीसारखा राहिला नाही, त्याच्यासाठी पट्टी जरूर खाली आणा. फक्त आणायच्या आधी त्याच्या समोर बसा आणि त्याला विचारा.